उन्हात वाळवलेली तबकडी

माझी लेक पुण्यात नोकरी करते. परवा तिचा फोन आला. तिनं एक रेकॉर्ड विकत घेतली होती. मोबाइलमध्ये जगातली सगळी गाणी असताना ताटाएवढी काळी चकती विकत घ्यायची आणि ती वाजवायला आणखी एक यंत्र घ्यायचं, याला आता हौस म्हणतात. मी "बरं, बरं" म्हणत होतो. तेवढ्यात तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही घेतलेली पहिली रेकॉर्ड कोणती हो?"

या प्रश्नावर माणसं हळवी होतात, डोळे मिटून गुणगुणायला लागतात. मला घाम फुटतो. मी मुळातच काळजीखोर. आई म्हणते, "हा जन्मला थोच कपायाले आठ्या घेऊन." गॅस बंद केला की नाही हे बघायला मी अजूनही अर्ध्या जिन्यातून परत येतो. पण त्या रेकॉर्डची काळजी काही निराळीच होती. पहिले दोन दिवस मला वाटत होतं, ती वाजली नाही तर काय? तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं, ती वाजली तर काय?

आमचं घर अकोल्यात. बाबा एसटीत कंडक्टर होते, अकोला-अमरावती ही त्यांची नेहमीची गाडी. आई मोझरीकडच्या एका लहानशा खेड्यातली. त्या भागात खंजिरीवरची भजनं घरोघरी. आई सोळा वर्षांची असताना गावातल्या शाळामास्तरांनी दहाबारा पोरींचं भजनी मंडळ उभं केलं. पहाटे उठा, अंगण झाडा, गाव स्वच्छ ठेवा, अशा अर्थाची भजनं. मास्तर पुढे गायचे आणि पोरी मागे धरायच्या. मंडळाचं नाव झालं, कुणीतरी त्यांना नागपूरला नेलं आणि तिथं त्यांची रेकॉर्ड निघाली. गावाच्या वाट्याला तिची एकच प्रत आली. गावात ती वाजवायचं यंत्र नव्हतं. पुढे मास्तरांची बदली झाली आणि प्रत त्यांच्या ट्रंकेतून गेली. म्हणजे आई जिच्यावर गायली ती रेकॉर्ड आईनं कधी ऐकलीच नव्हती.

बाबांनीही ऐकली नव्हती, पण म्हणून काही ते गप्प बसणारे नव्हते. "आमच्या मंडळीचा आवाज रेकॉर्डवर हाये," हे वाक्य त्यांनी मूर्तिजापूर ते बडनेरा एवढ्या टप्प्यात किती प्रवाशांना ऐकवलं असेल याला गणती नाही. तिकिटाबरोबर ते फुकट मिळायचं. ड्युटी परतवाड्याला लागो की आणखी कुठे, गाडी उभी राहिली की बाबा तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन चौकशी करून यायचे. "नाई भेटली," असं घरी येऊन सांगायचे, जणू बाजारात चांगली वांगी मिळाली नाहीत. आई अशा वेळी पदर तोंडाला लावून आत निघून जायची. लाजते, असं आम्ही सगळे समजायचो.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो, दुसऱ्या वर्षाला, खोली करून राहत होतो. परीक्षा संपली होती, सुटीसाठी घरी निघायचं होतं, आणि त्याआधी मी इतवाऱ्याच्या बाजारात कुलूप घ्यायला गेलो. खोलीला एक कुलूप होतं. मला दोन लागत. जुन्या सामानाच्या एका पथारीवर कुलपं, बंद पडलेली घड्याळं, दांडी तुटलेले चष्मे असा सगळा संसार मांडलेला होता आणि कडेला चारपाच रेकॉर्ड एकावर एक ठेवलेल्या. मी सहज वरची उचलली. दुसरी उचलली. तिसऱ्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर माझ्या आजोळचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात "मुलींचे भजनी मंडळ".

मी ती दोन्ही हातांनी धरली आणि आधी आजूबाजूला बघितलं, जणू कुणी हिसकावून नेणार होतं. म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितली ती किंमत मी मुकाट्यानं दिली. इतवाऱ्यात असं कुणी करत नाही. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि मग दया आल्यासारखा म्हणाला, "धूप से बचा के ले जाना, बाबू. लाख का माल है, नरम पडता है."

एवढं वाक्य मला पुरेसं होतं. बाहेर मे महिना होता आणि मला ती रेकॉर्ड अकोल्याला न्यायची होती, जिथे मे महिन्यात कावळेसुद्धा दुपारी सावली सोडत नाहीत. मी कुलूप न घेताच खोलीवर आलो. आधी रेकॉर्ड तिच्या कागदी पाकिटात घातली, मग वर्तमानपत्रात गुंडाळली, मग माझा दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवून, पिळून त्यात बांधली. लाख उन्हानं मऊ पडते तर ती थंड ठेवली पाहिजे, इतका साधा हिशोब. विज्ञान शिकत होतो ना.

बाबांची गाडी टाळून दुसरी धरली, कारण दोघांनाही घरी गेल्यावरच सांगायचं होतं. खरं सांगायचं तर लगेचही सांगायचं नव्हतं. ती वाजते की नाही हे आधी बघायचं, मग बोलायचं, असं मी ठरवलं होतं. वीस वर्षं वाट पाहणाऱ्या माणसांना नुसती खरखर ऐकवायची म्हणजे काय! खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता. पुडकं मांडीवर घेऊन मी दर दहा मिनिटांनी त्याला हात लावून बघत होतो. दुपट्टा वाळला की पाण्याच्या बाटलीतून शिंपडत होतो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा धावत नळावर जाऊन तो पुन्हा भिजवून आणला. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलंच, "भाऊ, मासोळी हाये काय?"

घरी पोचल्यावर ते पुडकं मी आतल्या खोलीत, गव्हाच्या कोठीमागे, थंड फरशीवर उभं केलं. रात्री दोनदा उठून पाहिलं. सकाळी चहा घेऊन लाऊडस्पीकरवाल्या चाचांकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. जुन्या जाड रेकॉर्डचा वेग वेगळा, सुई वेगळी, आणि ती दोन्ही असलेलं यंत्र आमच्या भागात फक्त त्यांच्याकडे होतं. लग्नसराई होती, ते बाहेर गेले होते. मी त्यांची वाट बघत बसलो. त्यांना यायला बारा वाजले. "ले आ," एवढंच म्हणाले आणि मी धावत घरी आलो.

कोठीमागे काही नव्हतं.

आई गच्चीवर होती. मे महिन्यात अकोल्यातल्या बायकांना ऊन वाया जाताना बघवत नाही. कुरडया, बटाट्याचा कीस, मिरच्या तर झाल्याच, पण गाद्या, उशा, पुस्तकं, घरात जे काही ओलं सापडेल ते गच्चीवर जायचं. मी जिना चढून वर गेलो. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं, त्यावर ओळीनं कुरडया घातलेल्या होत्या, आणि कुरडयांच्या ओळीत शेवटी माझी रेकॉर्ड होती.

बाजेच्या दोऱ्यांमधून तिचा मध्य खाली बसला होता आणि कडा वर आल्या होत्या. वाटी झाली नव्हती, पण ताटही राहिलं नव्हतं. परात म्हणा.

"थे तुहं काय होतं, कोठीमांगं वल्लं पडेल होतं," आई म्हणाली. "कागद निरा भिजून गेल्ता. वास मारन म्हनून टाकलं उन्हात. उलटवलं बी एकदा, दोन्हीकून वाळावं म्हनून."

"काही नाई, आई," मी म्हणालो.

"सिनेमाच्या गान्याची हाये काय?"

"हो."

मधल्या कागदावरचं नाव तिला वाचता येत नव्हतं. काय सांगणार होतो? तुझा आवाज तू स्वतःच कुरडईसारखा वाळवलास, असं? मी ती परात लुगड्याच्या तुकड्यात घेऊन खाली उतरलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. रडू येत होतं. सगळ्यात जास्त राग स्वतःचा येत होता. मी तिला ओल्या फडक्यात गुंडाळलं नसतं तर ती ओली झाली नसती, आणि ओली झाली नसती तर आईनं तिला हात लावला नसता. काळजी करणाऱ्या माणसाची काळजीच कशी हात धुऊन मागे लागते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. कळून फरक काही पडला नाही.

चाचांनी ती उलटसुलट करून पाहिली. "ये तो पराठा हो गया, बाबू," असं म्हणून हसले. मग माझा चेहरा बघून हसणं थांबवलं. "रो मत. धूप ने बिगाडा ना? धूपच सुधारेगी." दोन काचांमध्ये ती ठेवायची, वर थोडं वजन द्यायचं, कडक उन्हात दोन तास ठेवायची म्हणजे मऊ होऊन पुन्हा सपाट होते, मग काचांसकट सावलीत आणून निववायची. मधे हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःच्या किती रेकॉर्ड अशा सरळ केल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, यात एवढं आहे तरी काय, आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते ऐकून चाचांनी रेकॉर्ड पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात जपून गुंडाळली. "तेरे अब्बा तो मुझे भी दस बार सुना चुके," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या दोन जुन्या तसबिरींच्या काचा काढल्या, पुसल्या, मधे रेकॉर्ड ठेवली, वर दोन विटा ठेवल्या आणि गच्चीच्या दारात, डोक्यावर ओला पंचा घेऊन राखणीला बसलो. कावळ्यांची भीती होती आणि आईची त्याहून जास्त. काच तडकेल का, विटांचं वजन जास्त होईल का, कमी होईल का, असं चाललं होतं. हात लावायचा नाही म्हटल्यावर मी दर पाच मिनिटांनी जवळ जाऊन नुसता वाकून बघत होतो.

आई कुरडया उलटवायला वर आली. माझ्याकडे, मग विटांकडे, मग काचेकडे बघत राहिली.

"काय करून राहिला तू हे? भोवळ येईन नं उन्हात. एका गान्याच्या तबकडीसाठी इतकं?"

मला राहवलं नाही. काल खोटं बोलल्याचं रात्रभर डाचत होतं. मी म्हणालो, "आई, थे सिनेमाचं गानं नाई. थे तुमचं हाये. मास्तरचं आन तुमचं. मले इतवाऱ्यात भेटलं. तुले आन बाबाले आयकवाचं होतं."

मला वाटलं होतं ती कपाळावर हात मारून घेईल, मीच ती उन्हात घातली म्हणून हळहळेल. तिला समजवायचं कसं याची वाक्यंसुद्धा मी तयार ठेवली होती. पण ती हळहळली नाही. तिच्या हातातली कुरडई मोडली. ती तिथंच गच्चीच्या तापलेल्या कठड्याला टेकली आणि चटका बसल्यावर खाली बसली.

"तुह्या बाबाले सांगतलं?"

"नाई अजून."

"सांगू नोको."

"काहून?"

बराच वेळ ती कुरडईचे तुकडे गोळा करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नाई त्याच्यात."

मला समजलंच नाही.

"गेल्ती मी. नागपूरले गेल्ती, उभी बी होती त्या पोरीयच्या संगं. पन पयल्या बारीलेच मास्तरनं मले बाजूले घेतलं. म्हने, तुहा आवाज लय वर येते. त्या यंत्रात निस्ता तुहाच आवाज घुसून राहिला, बाकीच्या पोरी आयकूच येत नाई. तू निस्तं तोंड हलव. म्या तोंड हलवलं. तीन बाऱ्या केल्या त्यायनं, तिन्ही बारीले निस्तं तोंड हलवलं."

"मंग घरी सांगतलं काहून नाई?"

"घरी आली तं बापानं साऱ्या गावात साखर वाटेल होती." तिनं तुकडे पदरात टाकले. "मंग तुह्या बाबाकडचे पाहाले आले. मामानं पयलं हेच सांगतलं, पोरीचा आवाज रेकॉर्डवर हाये. तुह्या बाबानं दुसरं काईच इचारलं नाई. तवापासून सांगून राहिला थो सगळ्यायले. आता मी कोन्त्या तोंडानं सांगू?"

वीस वर्षं बाबा दुकानादुकानात चौकशी करून घरी यायचे आणि "नाई भेटली" म्हणायचे, तेव्हा ती लाजून आत जात नव्हती. ती सुटकेचा श्वास टाकायला आत जात होती. आणि तिच्यावरचं हे संकट मी पैसे मोजून, ओल्या फडक्यात जपून घरी आणलं होतं.

"वाजू देऊ नोको, बाबू," ती म्हणाली.

मी उठून विटा काढल्या, वरची काच उचलली. म्हटलं, मध्येच हात लावला तर बिघडेल तरी, चाचांनीच सांगितलं होतं. पण रेकॉर्ड सपाट झालेली होती. अगदी पाटासारखी. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सरळ झाली होती.

आणि जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या.

चाचा त्यांना स्टँडवर भेटले होते. चांगल्या मनाचा माणूस, आनंदाची बातमी पोटात ठेवणं त्यांना जमलं नसणार. बाबा खाकी कपड्यांतच वर आले, तिकिटांची पेटीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. त्यांनी रुमालानं हात पुसले, मग माझ्या हातातली रेकॉर्ड बघायला वाकले. मधला कागद भिजून, वाळून सुरकुतला होता, तरी गावाचं नाव वाचता येत होतं. त्यांनी ते बोटानं एकेक अक्षर करत वाचलं. "भेटली," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आई म्हणाली, थकून आले, जेवून घ्या. मी म्हणालो, अजून ती निवलेली नाही. आई म्हणाली, उद्या बघू. बाबा म्हणाले, "वीस वर्ष थांबलो. आता संध्याकाळपावतो थांबतो. त्याच्याहून जास्त नाई."

संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. बाबा पुढे, आई मागे, मधे रेकॉर्ड घेऊन मी. लाखेची रेकॉर्ड पडली की तिचे तुकडे होतात, हे मला माहीत होतं. घराच्या पायऱ्या उतरताना मी ठरवलं, इथंच. पाय घसरल्यासारखं करायचं. बाबा रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, पण आई सुटेल. मी मागे वळून आईकडे पाहिलं. तिला माझ्या मनातलं कळलं होतं. तिनं मानेनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आणि माझी बोटं काही सुटली नाहीत. जन्मभर सगळं घट्ट धरून ठेवायची सवय, तिनं नेमका तिथंच दगा दिला. शेवटची पायरी उतरून झाली तेव्हा रेकॉर्ड माझ्या छातीशीच होती. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी पुन्हा मागे बघितलं नाही.

चाचांच्या दुकानामागे लगेच त्यांचं घर. मधल्या दाराला पडदा होता. आई पडद्याआड चाचींजवळ जाऊन बसली. दुकानात बाबांसाठी खुर्ची टाकली होती, ती पडद्याला लागूनच, कारण आवाजाची पेटी तिथंच भिंतीला होती. चाचांनी सुई बदलली, फुंकर मारली, आणि रेकॉर्ड फिरायला लागली.

आधी नुसती खरखर. मग खंजिरी, मग मास्तरांचा आवाज. थोडासा हेलकावे खात होता, पण स्पष्ट. मास्तरांची ओळ संपली आणि पोरींनी मागे धरलं. बारीक, कोवळे, एकमेकींत मिसळून गेलेले आवाज. बाबा कानाला हात लावून पुढे झुकले. पोरींची पहिली फेरी गेली, दुसरी गेली. बाबांच्या कपाळावर आठी आली. ते शोधत होते. रोज ज्या आवाजाची हाक ऐकत होते, तो त्यांना तिथं सापडत नव्हता. भजन संपलं.

"अवं, तू कोन्ती यातली?" बाबांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

चाचा उगाच वायरी नीट करायला लागले. आता आई सांगणार, किंवा बाबा पुन्हा विचारणार, किंवा मीच काहीतरी मूर्खासारखं बोलणार. बाबांचा चेहरा उतरला होता. "माह्या कानाचंच काही असन," ते हळूच म्हणाले.

मग पडद्याआडून आई म्हणाली, "पुन्हा लावा."

चाचांनी पुन्हा सुई टेकवली. खरखर, खंजिरी, मास्तर. बाबांनी या वेळी डोळे मिटून घेतले. मास्तरांची ओळ संपली, पोरींनी मागे धरलं, आणि त्या सगळ्या कोवळ्या आवाजांच्या वरून एक भरदार, मोकळा आवाज आला. शेतातून बांधापलीकडे हाक जावी तसा. पडदा थोडा बाजूला सरकला होता. चाचींनी एक हात आईच्या पाठीवर ठेवलेला मला दिसला. आई भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावरून पुढे ओढून, गात होती.

"हे!" बाबा म्हणाले. "हे पाह्य! सांगतलं होतं का नाई म्या!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. सगळं भजन संपेपर्यंत उघडले नाहीत. पोरींनी जितक्या वेळा मागे धरलं तितक्या वेळा तो आवाज आला, आणि तितक्या वेळा बाबांनी मांडीवर थाप दिली. चाचा पडद्याकडे पाठ करून यंत्राकडे बघत उभे होते.

संपल्यावर चाचांनी विचारलं, "और एक बार?"

"नोको," बाबा म्हणाले. "झालं. आयकून झालं."

त्यानंतर गाडीत प्रवाशांना ते वाक्य सांगताना मी बाबांना कधी ऐकलं नाही. दुकानांमधली चौकशी तर संपलीच होती. घरी कुणी पाहुणा आला तरी ते रेकॉर्डचं नाव काढायचे नाहीत, आणि मला घोर लागायचा. त्यांना कळलं का? कळलं असेल तर त्यांना किती लागलं असेल? आईला विचारायची हिंमत झाली नाही, बाबांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षांहून जास्त काळ हे एवढंसं ओझं मी वाहत आलो. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली.

लेकीचा फोन ठेवला आणि मी आईच्या खोलीत गेलो. ती ऐंशीच्या पुढे आहे, दिवसाचा बराच वेळ पडून असते, पण कान शाबूत आहेत. मी तिच्या पायाशी बसलो आणि विचारून टाकलं, "आई, बाबाले थ्या दिवशी कळलं तं नसन ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं शिकून याला आलं तरी काय.

"थो माह्यापासून हातभर दूर बसेल होता. रोज पाहाटे माह्या हाकेनं उठे थो मानूस. त्याले नाई कळनार?"

"मंग बोलले काहून नाई?"

आईनं कूस बदलली, चादर पायांवर ओढून घेतली.

"मी तरी कुठी बोलली?" ती म्हणाली.